नव्या विद्यार्थ्यांसाठी: एड्युरोमला लॅपटॉप कसा जोडायचा

प्रवेशाची धावपळ संपून पहिला आठवडा सुरू झाला की संगणक केंद्राच्या दारात रांग लागते. प्रत्येकाच्या हातात उघडा लॅपटॉप, आणि तोंडी जवळजवळ एकच वाक्य: "सर, पासवर्ड बरोबर आहे, तरी कनेक्ट होत नाही." मी अशा काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं बसलोय. पासवर्ड बहुतेक वेळा खरंच बरोबर असतो. घोडं अडलेलं असतं दुसरीकडेच. युजरनेम अर्धंच टाकलेलं असतं, किंवा लॅपटॉपचं घड्याळ दोन वर्षं मागे असतं, किंवा एखाद्या सिनियरने "हे असं कर, होतं" म्हणत स्वतःच्या लॅपटॉपवर चाललेली सेटिंग इथेही करून दिलेली असते.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. कारण त्या सेटिंगने कधीकधी वाय-फाय खरंच चालू होतं, आणि त्याबरोबर विद्यार्थ्याच्या पासवर्डचं दारही सताड उघडं राहतं. त्यामुळे हा लेख ‘कसं जोडायचं’ याबरोबरच ‘जोडताना काय तपासायचं’ यावरही आहे.

संस्थेची सुरक्षित नेटवर्कं अनेक प्रकारची असतात. मी इथे एड्युरोम (इंग्रजीत eduroam, म्हणजे आपल्या संस्थेच्या एकाच खात्यावर जगभरच्या विद्यापीठांत चालणारं वाय-फाय) घेतोय, कारण ते जगभरात शंभराहून अधिक देश-प्रदेशांत चालतं, आपल्याकडे मुंबई आयआयटीसारख्या संस्थांत आहे, आणि जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे शिकायला निघालेल्या मराठी मुलामुलींना ते तिथे पहिल्या दिवसापासून दिसणार आहे. तुमच्या कॉलेजात ‘डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ’ प्रकारचं, म्हणजे प्रत्येकाला आपापलं खातं लागणारं, वेगळ्या नावाचं नेटवर्क असलं, तरी यातले बहुतेक टप्पे जसेच्या तसे लागू पडतात.

घरच्या वाय-फायपेक्षा हे वेगळं कसं

घरच्या राऊटरला एकच पासवर्ड असतो. आई, बाबा, वरच्या मजल्यावरचे काका, सगळे तोच वापरतात. पासवर्ड राऊटरमध्येच साठवलेला असतो, त्यामुळे तपासणी तिथल्या तिथे होते.

कॉलेजात प्रत्येकाला आपापलं खातं असतं. भिंतीवरचा तो पांढरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, तुमचा पासवर्ड ओळखत नाही. तो निव्वळ निरोप्या आहे. तुम्ही दार ठोठावलं की तो तुमचा निरोप मागच्या रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे खाती तपासणाऱ्या संगणकाकडे, नेतो, तिथून ‘हो’ आली की दार उघडतो. दारावरच्या या व्यवहाराचे नियम ८०२.१एक्स या मानकात आहेत.

एड्युरोमने याच्यावर एक पायरी चढवली. कल्पना मांडली गेली २००२ साली, युरोपातल्या संशोधन-नेटवर्कांच्या टेरेना या संघटनेत. मांडणारे होते नेदरलँड्सचे क्लास विरेंगा. विद्यार्थी किंवा प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर तिथे पाहुणा म्हणून नवं खातं काढण्याऐवजी त्याच्या घरच्या संस्थेलाच विचारावं की हा तुमचा का, इतकं साधं ते होतं.

समजा पुण्याच्या एखाद्या संस्थेतली संशोधक मुलगी म्युनिकच्या विद्यापीठात गेली आणि तिने लॅपटॉप उघडला. तिच्या युजरनेममधला ‘@’ नंतरचा भाग म्हणजे पाकिटावरचा पत्ता आणि पिनकोड. म्युनिकचा सर्व्हर तेवढाच वाचतो, बघतो की हे भारतातलं टपाल आहे, आणि पाकीट पुढे सरकवतो. जर्मनीत ही व्यवस्था डीएफएन ही संस्था बघते, भारतात अर्नेट इंडिया. अर्नेटकडून पाकीट पुण्याला पोचतं आणि ते फोडलं जातं फक्त पुण्यात. पासवर्ड आतल्या बंद भागात असल्याने वाटेत कुणाला दिसत नाही. पुण्याने ‘आमचीच आहे’ म्हटलं की म्युनिकचं दार उघडतं. नेट म्युनिकचं, ओळख पुण्याची.

एवढं डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपल्या आपण कळायला लागतात. पत्ता अर्धा लिहिला तर टपाल कुठे जाणार?

जोडायच्या आधी

चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. हो, कागदावरच, कारण वाय-फाय नसताना मेल उघडून बघता येणार नाही.

पहिली, पूर्ण युजरनेम. एड्युरोमसाठी ते ‘@’ आणि पुढच्या पत्त्यासकट लागतं. गंमत अशी की कॉलेजच्या आवारात काही ठिकाणी नुसतं नाव टाकूनही चालतं, कारण सर्व्हर घरचाच असतो. मग मुलगा परगावी परिषदेला जातो आणि तिथे काही केल्या जोडलं जात नाही. तेव्हा पहिल्या दिवसापासून पूर्णच टाका. आणखी एक: हा पत्ता तुमच्या कॉलेजच्या ईमेलसारखाच असेल असं गृहीत धरू नका. ईमेल एका डोमेनवर आणि एड्युरोम दुसऱ्या डोमेनवर, असं अनेक संस्थांत असतं. विचारून घ्या.

दुसरी, पासवर्ड. तो आधी दुसरीकडे चालवून बघा. त्याच खात्याने उघडणारं वेबमेल किंवा विद्यार्थी पोर्टल मोबाइलच्या डेटावर उघडा. तिथे चालला तर पासवर्डची शंका मिटली. पहिल्यांदा मिळालेला तात्पुरता पासवर्ड बदलल्याशिवाय काही ठिकाणी वाय-फाय सुरूच होत नाही, तेव्हा तो बदलून टाका.

तिसरी, संस्थेची ओळख पटवायची पद्धत कोणती: पीईएपी, टीटीएलएस की टीएलएस. पहिल्या दोन्हींत युजरनेम-पासवर्ड लागतो. टीएलएसमध्ये पासवर्ड नसतो, प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, बसवलं जातं. तुमच्या संस्थेत टीएलएस असेल तर तुम्ही नशीबवान.

चौथी, सर्व्हरच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि ते कुणी दिलंय. ही माहिती संगणक केंद्राच्या पानावर असते किंवा असायला हवी. नसेल तर मागा. विद्यार्थ्यांनी मागितली की केंद्रंही ती लावायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

आता लॅपटॉपकडे. सर्वात आधी तारीख आणि वेळ बघा. हे क्षुल्लक वाटतं, पण सर्टिफिकेटला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ अशी मुदत असते. लॅपटॉप स्वतःला २०१९ मध्ये समजत असेल, तर आजचं सर्टिफिकेट त्याला अजून जन्मालाच आलेलं नसतं आणि तो जोडणी नाकारतो. थोरल्या भावंडांकडून आलेल्या जुन्या लॅपटॉपांत हे हमखास दिसतं. आतला घड्याळाचा छोटा सेल संपलेला असतो, आणि मुख्य बॅटरी पूर्ण उतरली की तारीख मागे जाते. नेट मिळालं की वेळ आपोआप दुरुस्त होते, पण वेळ चुकीची असल्याने नेटच मिळत नाही. हाताने दुरुस्त करा, आणि सवडीने तो सेल बदलून घ्या.

नंतर आधीच्या फसलेल्या प्रयत्नांची साफसफाई. एड्युरोमला जोडायचा प्रयत्न पूर्वी केला असेल, तर लॅपटॉपने अर्धवट, चुकीची माहिती साठवून ठेवलेली असते. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वाय-फाय’, ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ इथे जाऊन एड्युरोमपुढचं ‘फर्गेट’ दाबा. मॅकवर वाय-फायच्या सेटिंगमधल्या ओळखीच्या नेटवर्कांच्या यादीतून ते काढता येतं. फसलेल्या जोडणीवर पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत बसण्यापेक्षा कोऱ्या पाटीवरून सुरुवात केलेली बरी.

आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. पुढच्या टप्प्यात एक फाइल उतरवायची आहे.

सोपा रस्ता: संस्थेचा इन्स्टॉलर

एड्युरोमची कॅट नावाची साइट आहे. ‘कॅट डॉट एड्युरोम डॉट ओआरजी’ हा तिचा पत्ता, इंग्रजी अक्षरांत टाका. तिथे आपली संस्था शोधली की विंडोज, मॅक, लिनक्स आणि मोबाइलसाठी तयार मांडणी मिळते. त्याच घराण्यातलं ‘गेटएड्युरोम’ नावाचं ॲपही आहे, आणि अलीकडे बऱ्याच संस्था तेच वापरायला सांगतात. दोन्हींचं काम एकच: योग्य पद्धत, योग्य सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं योग्य नाव लॅपटॉपमध्ये बसवणं. तुम्ही फक्त युजरनेम आणि पासवर्ड टाकायचा.

इथे एक चूक फार होते. पुण्याचा विद्यार्थी दिल्लीला कार्यशाळेला जातो आणि यादीत दिल्लीची संस्था निवडतो, कारण वाय-फाय दिल्लीचं आहे. निवडायची असते ती आपली संस्था, जिने तुम्हाला खातं दिलं ती. पाकीट आठवा.

विंडोजवर ही फाइल चालवताना ‘हे ॲप बदल करू शकतं का’ असं विचारलं जातं, मॅकवर प्रोफाइल बसवायला लॅपटॉपचा स्वतःचा पासवर्ड मागितला जातो. दोन्ही अपेक्षित आहे. फाइल मात्र अधिकृत साइटवरून किंवा कॉलेजच्या पानावरूनच घ्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी टाकलेला इन्स्टॉलर चालवू नका, टाकणारा कितीही जवळचा मित्र असला तरी. त्यालाही तो कुणीतरी दिलेलाच असतो.

इन्स्टॉलर संपला की हॉटस्पॉट बंद करा आणि वाय-फायच्या यादीत एड्युरोम निवडा. बहुतेकांचं काम इथेच होतं.

हाताने जोडायचं झालं तर: विंडोज

तुमची संस्था त्या यादीत नसेल, किंवा नेटवर्क एड्युरोमऐवजी कॉलेजचं स्वतःचं असेल, तर सगळं हाताने करावं लागतं. यादीतल्या नावावर थेट क्लिक करून युजरनेम-पासवर्ड टाकला तरी विंडोज जोडून देईल, पण मधे एक प्रश्न विचारेल. त्याचा आशय असा की हे नेटवर्क इथे अपेक्षित असेल तरच पुढे जा, नाहीतर हे त्याच नावाचं दुसरंच नेटवर्क असू शकतं. खाली सर्टिफिकेटचा तपशील बघायची सोय असते. शंभरातली नव्वद मुलं न वाचता ‘कनेक्ट’ दाबतात, असं मला काउंटरवरून वाटतं. तुम्ही तो तपशील उघडा, आणि त्यातला लांबलचक अंक-अक्षरांचा ठसा कॉलेजने दिलेल्या ठशाशी ताडून बघा.

त्यापेक्षा पक्का रस्ता कंट्रोल पॅनेलमधून जातो. एकदा दहा मिनिटं लागतात, पण मग वर्षभर बघावं लागत नाही.

१. ‘कंट्रोल पॅनेल’ उघडा, ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये जा, ‘सेट अप अ न्यू कनेक्शन ऑर नेटवर्क’ निवडा आणि त्यातलं ‘मॅन्युअली कनेक्ट टू अ वायरलेस नेटवर्क’ घ्या.

२. नेटवर्कचं नाव टाका. एड्युरोम असेल तर सगळी इंग्रजी अक्षरं लहान लिपीतली, मागेपुढे मोकळी जागा नको. पहिलं अक्षर मोठं टाकलं की लॅपटॉप ते वेगळं नेटवर्क समजतो आणि शोधतच बसतो. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ’.

३. नेटवर्क तयार झाल्याचा निरोप आला की खिडकी बंद करू नका. तिथेच ‘चेंज कनेक्शन सेटिंग्ज’ आहे, ते दाबा आणि ‘सिक्युरिटी’ हा भाग उघडा. पीईएपी निवडून शेजारचं ‘सेटिंग्ज’ दाबा.

४. आता महत्त्वाची जागा. सर्वात वर ‘व्हेरिफाय द सर्व्हर्स आयडेंटिटी’ अशा अर्थाची चौकट असते. ती खूण राहू द्या. खालच्या ओळीत कॉलेजने दिलेलं सर्व्हरचं पूर्ण नाव लिहा, आणि यादीतून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या नावापुढे खूण करा.

५. त्याच खिडकीत खाली ‘कॉन्फिगर’ नावाचं बटण आहे. आत एकच ओळ: विंडोजचं लॉगिन आपोआप वापरायचं का. ती खूण काढा. ही राहिली की लॅपटॉप तुमचं विंडोजचं लॉगिन कॉलेजच्या सर्व्हरला पाठवत बसतो, आणि पासवर्ड विचारतही नाही. "मला तर युजरनेमची खिडकीच येत नाही" म्हणणाऱ्यांचं उत्तर बहुधा इथे असतं.

६. मागे येऊन ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ उघडा, ओळखीचा प्रकार ठरवायची खूण करा आणि ‘युजर ऑथेंटिकेशन’ निवडा. सगळीकडे ‘ओके’ म्हणत बाहेर या, आणि आता वाय-फायच्या यादीतून नेटवर्क निवडा.

संस्थेने किंवा कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल आणि तो दर वेळी पासवर्ड विचारत असेल, तर तो बिघाड समजू नका. विंडोज ११ च्या एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत क्रेडेन्शियल गार्ड नावाची राखण असते, आणि ती चालू असली की जुन्या पद्धतीचे वाय-फाय पासवर्ड साठवून आपोआप वापरू देत नाही. राखण बंद करू नका. संगणक केंद्राला टीएलएसची सोय आहे का ते विचारा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर फारसं काही करायचं नसतं. नाव निवडा, युजरनेम-पासवर्ड टाका, मग ‘व्हेरिफाय सर्टिफिकेट’ अशी खिडकी येते. ‘शो सर्टिफिकेट’ दाबून नाव जुळतंय का बघा, जुळलं तर पुढे जा. प्रोफाइल बसवली असेल तर ही खिडकीही येत नाही, म्हणून मॅकवाल्यांनीही प्रोफाइलच घ्यावी.

उबुंटूवर नेटवर्क निवडलं की एक मोठी चौकट उघडते. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए अँड डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ’, ओळखीची पद्धत ‘प्रोटेक्टेड ईएपी’, आतली पद्धत ‘एमएसचॅपव्ही२’. ‘डोमेन’च्या रकान्यात सर्व्हरचं नाव लिहा. ‘अनामिक ओळख’ असा एक रकाना असतो, त्यात ‘@’ आणि आपल्या संस्थेचा पत्ता, आधी ‘ॲनॉनिमस’ असं लिहितात. तेच बाहेरच्या पाकिटावर दिसतं, तुमचं नाव आत राहतं. संस्थेने वेगळं काही सांगितलं असेल तर ते टाका. सर्टिफिकेटची फाइल विचारली जाते तिथे ती द्या. ‘सर्टिफिकेटची गरज नाही’ ही चौकट तिथेच शेजारी मोहात पाडत उभी असते. तिला हात लावू नका.

उबुंटू २२.०४ पासून एक वेगळीच अडचण दिसायला लागली. तिच्यात ओपनएसएसएल या सांकेतिक जोडणीच्या सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती आली, जी टीएलएसचे (इथे अर्थ वरची ओळखीची पद्धत नव्हे, सांकेतिक जोडणीचा नियम) जुने, कच्चे प्रकार सहजासहजी स्वीकारत नाही. कॉलेजचा रेडियस सर्व्हर जुना असेल तर कालपर्यंत चालणारं वाय-फाय उबुंटू नवी केल्यावर बंद पडतं. इंटरनेटवर याची तोडगेवजा उत्तरं खूप सापडतील, सगळी लॅपटॉपची सुरक्षा सैल करणारी. दोष सर्व्हरचा आहे, तेव्हा आधी तो केंद्राच्या कानावर घाला.

सर्टिफिकेट का तपासायचं

नेटवर्कचं नाव कुणीही कुणालाही देऊ शकतं. तुम्ही तुमच्या मोबाइल हॉटस्पॉटचं नाव आत्ता ‘एड्युरोम’ ठेवू शकता. मग कॅन्टीनमध्ये कुणी पिशवीत छोटं यंत्र ठेवून बसला, त्याने तेच नाव लावलं आणि मागे स्वतःचा खोटा रेडियस सर्व्हर चालवला, तर आसपासचे लॅपटॉप त्याला आपलं कॉलेज समजून दार ठोठावतील. ज्या लॅपटॉपवर सर्टिफिकेटची तपासणी चालू आहे, तो सर्व्हरला आधी ओळखपत्र मागेल, ते जुळणार नाही आणि जोडणी तिथेच तुटेल. ज्यावर ती बंद आहे, तो सरळ पासवर्डाची देवघेव सुरू करेल.

"पण पासवर्ड तर सांकेतिक रूपात जातो ना?" हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. टीटीएलएसमध्ये आत साधी पद्धत असेल तर समोरच्या सर्व्हरला पासवर्ड जसाच्या तसा मिळतो. पीईएपीमध्ये आत एमएसचॅपव्ही२ असतं, तिथे तो थेट जात नाही. मात्र २०१२ मध्ये डेफकॉन या परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं की ही देवघेव हाती लागली, तर ती फोडायचं काम डीईएस या जुन्या, कमकुवत संकेतपद्धतीच्या ५६ बिटांच्या एका किल्लीइतकंच उरतं, पासवर्ड कितीही लांब आणि अवघड असो. म्हणजे ही देवघेव ज्यातून जाते तो सर्व्हरपर्यंतचा बंद बोगदा हीच काय ती खरी राखण. आणि बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे हे सांगणारी एकच गोष्ट आहे, सर्टिफिकेट.

आता हाच पासवर्ड कुठे कुठे चालतो ते आठवा. कॉलेजचा ईमेल. फी भरायचं पोर्टल. निकाल, हजेरी, परीक्षेचा अर्ज. पीएचडी करत असाल तर मार्गदर्शकांबरोबरचा सगळा पत्रव्यवहार. एवढ्या सगळ्याची किल्ली एका चौकटीतल्या खुणेवर टांगलेली आहे, म्हणून मी त्या खुणेबद्दल इतक्या कळकळीने बोलतोय.

मोबाइलवरही हेच. अँड्रॉइडमध्ये पूर्वी ‘डू नॉट व्हॅलिडेट’ असा पर्याय सर्रास निवडला जायचा. २०२० च्या डिसेंबरमधल्या अँड्रॉइड ११ च्या अपडेटने पिक्सेल फोनांवरून तो काढून टाकला, आणि तेव्हा कित्येक कॉलेजांच्या सूचना एका रात्रीत जुन्या झाल्या. तुमच्या सिनियरच्या एखाद्या जुन्या स्क्रीनशॉटमध्ये तो पर्याय दिसेल. तो शोधू नका.

जोडलं, पण नेट नाही

वाय-फायचं चिन्ह दिसतंय आणि पान उघडत नाही, तर ओळख पटलेली आहे, अडचण पुढची आहे. लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर नेटवर्कने पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक लावून घेतलाय. वाय-फाय बंद करून परत चालू करा, नाही झालं तर जागा बदलून बघा. भरलेल्या वर्गात पत्ते संपलेले असू शकतात.

पत्ता ठीक असेल तर लॅपटॉपवरचं व्हीपीएन बंद करा आणि प्रॉक्सीची, म्हणजे नेटसाठी वापरायच्या मधल्या सर्व्हरची, सेटिंग बघा. जुन्या कॉलेजात प्रॉक्सी टाकलेला असेल तर तो नव्या कॉलेजातही तसाच बसलेला असतो.

काही संस्थांत वाय-फाय जोडल्यावर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं. ते आपोआप आलं नाही तर ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ (neverssl.com) ही साइट उघडा. ती मुद्दाम साध्या, बिनकुलपी पानाची ठेवलेली आहे, त्यामुळे नेटवर्कला तुम्हाला लॉगिनच्या पानाकडे वळवता येतं. खऱ्या एड्युरोमवर असं पान कधी येत नाही. एड्युरोम नावाच्या नेटवर्कवर ब्राउझरमध्ये पासवर्ड मागणारं पान उघडलं, तर पासवर्ड टाकू नका आणि केंद्राला कळवा.

लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या वाय-फाय यंत्राचा क्रमांक, नोंदवून घेणाऱ्या कॉलेजांत आणखी एक गोष्ट अडवते. नवे लॅपटॉप खासगीपणासाठी दर नेटवर्कला वेगळा, बनावट पत्ता दाखवू शकतात. विंडोजमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ असं त्याला म्हणतात. फॉर्मवर एक पत्ता आणि हवेत दुसरा, मग दार कसं उघडणार? फक्त कॉलेजच्या नेटवर्कपुरती ती सोय बंद करा.

वेग कमी वाटत असेल तर गर्दीचा विचार करा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. हॉस्टेलच्या एका मजल्यावर वीस जणांनी आपापले हॉटस्पॉट लावले तर कॉलेजचा ॲक्सेस पॉइंट काय करणार. काम झालं की हॉटस्पॉट बंद करा. लॅपटॉप घेताना तो ५ गिगाहर्ट्झवर चालतो का तेही बघून घ्या, स्वस्तातल्या काही जुन्या मॉडेलांत ते नसतं.

पासवर्ड बदलला की

सेमिस्टरच्या मध्यावर येणारी तक्रार: "सर, माझं खातं सारखं लॉक होतंय." विद्यार्थ्याने पासवर्ड बदललेला असतो, लॅपटॉपवर नवा टाकलेला असतो. आणि खिशातला मोबाइल, बॅगेतला टॅब जुन्याच पासवर्डने दार ठोठावत असतो, दिवसभर, तुमच्या नकळत. सर्व्हरला वाटतं कुणीतरी पासवर्ड हुडकतंय, तो खातं बंद करतो. तेव्हा पासवर्ड बदलण्याआधी सगळ्या उपकरणांवर वाय-फाय बंद करा, बदला, मग एकेका उपकरणावर नवा पासवर्ड टाकून ते चालू करा.

दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी

परिषदेला, उन्हाळी इंटर्नशिपला जाणार असाल तर एड्युरोम निघायच्या आधी आपल्याच आवारात जोडून बघा. तिथे पोचल्यावर अडलात तर यजमान संस्थेला तुमचा पासवर्ड तपासता येत नाही, ते काम तुमच्याच केंद्राचं, आणि तोवर तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात.

परदेशी मास्टर्सला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवा की नव्या विद्यापीठाचं खातं नोंदणी पूर्ण झाल्यावर सुरू होतं. त्यामुळे पहिल्या काही दिवसांसाठी सिमची सोय करून ठेवा. खोली खासगी असेल तर तिथे एड्युरोम असेलच असं नाही, घरमालकाला आधी विचारा. आणि तुमचं इथलं खातं पदवीनंतर बंद होणार असेल, तर नवं खातं मिळाल्यावर लॅपटॉपमधलं जुनं एड्युरोम ‘फर्गेट’ करून नव्या संस्थेचा इन्स्टॉलर चालवा. नाव तेच असल्याने लॅपटॉप जुन्या पत्त्यानेच टपाल पाठवत राहतो, आणि ते पाकीट भारतात येऊन नाकारलं जातं.

मदत मागायला जाताना

लॅपटॉप आणि चार्जर घेऊन जा. नुसतं "होत नाही" सांगण्यापेक्षा कोणत्या इमारतीत, किती वाजता प्रयत्न केला आणि पडद्यावर काय आलं ते सांगा, स्क्रीनशॉट असेल तर उत्तम. वेळ कळली की आम्हाला सर्व्हरच्या नोंदीत तुमचा प्रयत्न सापडतो. पाकीट आमच्यापर्यंत पोचलंच नाही की पोचून नाकारलं गेलं, हे तिथे स्पष्ट दिसतं. पूर्ण युजरनेम लिहून द्या. पासवर्ड मात्र कुणी विचारला तरी सांगू नका, आम्ही विचारला तरी नाही. टाकायची वेळ आली की लॅपटॉप आपल्याकडे वळवून घ्या आणि स्वतः टाइप करा.